पुलापलीकडचं गाव

"ऑक्टोबरच्या सुट्टीत कुठं गेला होतात त्यावर दोन-तीन पानं लिहून द्या. आणि फोटो नकोत, झेरॉक्समध्ये सगळे काळे येतात," असा हुकूम ताईंनी सोडला, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे मान डोलावली आणि नेहमीप्रमाणेच विसरून गेलो. पण मागच्या शनिवारी मुलांना वर्गात सोडायला आलो तर ताई दारातच उभ्या! मुलांनी गृहपाठ चुकवला की त्यांना बोलणारे आम्ही. आता आमचाच गृहपाठ राहिला म्हटल्यावर काय तोंड दाखवणार? म्हणून हा लेखनप्रपंच. वीस वर्षं संगणकाच्या भाषेत लिहिण्यात गेली. मराठीत सलग तीन पानं इंजिनिअरिंगला गेल्यापासून लिहिलेली नाहीत. तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात.

तर मंडळी, यंदा आम्ही चौघं इटलीला जाऊन आलो. चौघं म्हणजे आम्ही दोघं, चौदा वर्षांची लेक आणि दहा वर्षांचा धाकटा. रोममध्ये दोन दिवस सगळे बघतात ते सगळं बघून झालं. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं जाहीर केलं, "आता आणखी एक चर्च दाखवलं तर मी इथंच बसणार." पुढचे तीन दिवस चिविता दी बान्योरेज्यो या डोंगरावरच्या चिमुकल्या गावासाठी राखून ठेवले होते, म्हणून बरं.

सहलीबद्दल लिहिण्याआधी एक घरगुती गोष्ट सांगायला हवी, कारण ती सगळा प्रवासभर आमच्याबरोबर होती. निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरताना देवरुखकडच्या आमच्या गावाहून दादांचा फोन आला. दादा म्हणजे आमचे थोरले चुलत भाऊ. वडिलोपार्जित घराची किल्ली त्यांच्याकडे असते. म्हणाले, "अरे, घराला गिऱ्हाईक आलंय. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे, तुझी सही लागेल. मागचं छप्पर गळतंय, वाळवी माजघरापर्यंत आलीय. तुम्ही लोक तीन वर्षांतून दोन दिवस येणार. आता माझ्यानंही होत नाही रे." आम्ही म्हटलं, "परत आल्यावर सांगतो, दादा." मनातल्या मनात मात्र सही करून टाकली होती. तिकडे राहायला कोण जाणार आहे?

रोमहून आगगाडीनं ओर्व्हिएतोला उतरलो. हे शहरही उंच कड्यांच्या खडकावर वसलेलं आहे. स्टेशन खाली आणि गाव वर. वर न्यायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढलेला डबा आहे. वर पोचल्या पोचल्या शेजारीच एक विहीर लागते, 'पोत्झो दी सान पात्रित्सिओ'. रोममध्ये चर्च बघून थकलेल्या आमच्या चिरंजिवांना या विहिरीनं परत माणसात आणलं.

तिची हकिकत अशी. १५२७ साली रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवे क्लेमेंट निसटून ओर्व्हिएतोला आले. शहराला वेढा पडला तर पाण्यावाचून तडफडायची वेळ येऊ नये, म्हणून त्यांनी गावातच खोल विहीर खणायला सांगितली. आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुविशारदानं ती आखली आणि १५३७ साली ती पुरी झाली. खोली सुमारे त्रेपन्न मीटर. गंमत आहे ती जिन्यांची. विहिरीभोवती दोन गोल जिने एकमेकांत गुंफल्यासारखे खाली जातात, प्रत्येकाला २४८ पायऱ्या, पण एका जिन्यातून दुसऱ्यात कुठेही वाट नाही. खेचरं रिकामी भांडी घेऊन एका जिन्यानं उतरायची, तळाशी छोट्या पुलावरून पलीकडे जायची आणि पाणी घेऊन दुसऱ्या जिन्यानं वर यायची. उतरणारं खेचर चढणाऱ्या खेचराला कधी आडवं येणार नाही! आम्ही ऑफिसात दोन प्रोग्राम एकमेकांची वाट बघत अडकून बसू नयेत म्हणून आठवडे घालवतो. या गृहस्थानं तेच काम पाचशे वर्षांपूर्वी दगडात करून ठेवलं आहे. तळाला थंडगार हवा होती, मधल्या खिडक्यांतून वरचा उजेड झिरपत होता. धाकट्यानं विचारलं, "इतकी मेहनत कशाला? खालून नदीचं पाणी आणायचं ना!" त्याला सांगितलं, "दरवाजे बंद झाले की बाहेरचं पाणी उपयोगाचं नाही. गावात पाणी असेल तरच गाव टिकतं." तेव्हा हे वाक्य उत्तर म्हणून सहज बोललो होतो.

ओर्व्हिएतोहून बसनं बान्योरेज्योला गेलो. वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, आणि झाडांखाली जाळ्या पसरून फळं उतरवायची लगबग चालली होती. बान्योरेज्योत बसमधून उतरलो आणि लेक ओरडली, "आपे रिक्षा!" खरंच, भाजीच्या पेट्या लादलेली तीनचाकी फटफट करत चढ चढत होती. देवरुखच्या स्टँडवर असते तीच! पिआज्जो कंपनीनं ही गाडी इटलीत १९४८ साली काढली आणि आता ती आपल्या बारामतीला बनते. इटालियनमध्ये 'आपे' म्हणजे मधमाशी. त्याच कंपनीची 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी. इतकी वर्षं आपेत बसलो, पण आपण मधमाशीत बसतोय हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आमचा मुक्काम बान्योरेज्योतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर होता. घरमालकीणबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, सतत काहीतरी पुसत असणाऱ्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि आम्हाला इटालियन. मध्ये आमचा फोन दुभाषा म्हणून ठेवला. त्या बोलायच्या, फोन इंग्रजीत सांगायचा. बाईंची आई पुलापलीकडे चिवितात जन्मलेली, लग्न होऊन अलीकडे आलेली. "आई म्हणायची, मी परदेशात आले," असं सांगून बाई खूप हसल्या. अंतर पुलाएवढंच!

मग त्यांनी आईच्या बोलीतले शब्द सांगायला सुरुवात केली आणि फोननं हात टेकले. चिवितात जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये गावच्या चौकात गाढवांची शर्यत होते, तिला 'तोन्ना' म्हणतात. तोन्ना म्हणजे गोल. पुस्तकी इटालियनमध्ये 'तोंदा'. फोननं त्याचं भाषांतर केलं ट्यूना मासा! चौकात गोल फिरणारी गाढवं आणि मध्येच मासा कुठून आला, म्हणून आम्ही बराच वेळ गोंधळलो. शेवटी बाईंनी बोटानं टेबलावर गोल काढून दाखवला. मग उसासा टाकून त्या काहीतरी म्हणाल्या आणि फोननं ते बरोबर सांगितलं : "माझ्या नातीला माझं सगळं बोलणं कळतं. पण ती उत्तर देते ते इटालियनमध्ये."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लेकीनं खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या घरी हेच चालतं, फक्त इटालियनच्या जागी इंग्रजी. आपल्या वर्गातल्या कितीजणांच्या घरी असं चालतं, ते हात वर करून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिविताला निघालो. बान्योरेज्यो संपतं तिथं एकदम जमीनच संपते. समोर खोल दरी, दरीच्या मध्यभागी उभा सुळका आणि सुळक्यावर कोणी पानाच्या द्रोणात ठेवावं तसं गाव. तिथं जायला एकच वाट, सुमारे तीनशे मीटर लांबीचा काँक्रीटचा पादचारी पूल. १९६५ साली बांधलेला. शेवटचा चढ असा की आमचं रोज खुर्चीत बसून बसून जमवलेलं सगळं वजन एकेक किलो करून जाणवलं.

हे गाव अडीच हजार वर्षांपूर्वी एत्रुस्कन लोकांनी वसवलं. पूर्वी चिविता आणि बान्योरेज्यो यांच्यामध्ये डोंगराची सोंड होती, जमिनीवरून चालत जाता यायचं. मग पूल का लागला? गावात दरडींचं एक छोटं संग्रहालय आहे, तिथं याचं उत्तर मिळतं. वरचा खडक टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ दगड. त्याच्याखाली चिकणमाती, एकेकाळचा समुद्राचा तळ. दोन्ही बाजूंचे ओढे ही माती कुरतडतात, पाऊस ती धुऊन नेतो. खालचा आधार गेला की वरच्या टफला भेगा पडतात आणि कडेचा तुकडा घरादारासकट दरीत जातो. १६९५ साली मोठा भूकंप झाला, तेव्हा बिशप आणि गावचा कारभार पलीकडे बान्योरेज्योला हलला. मागोमाग माणसंही हलली. तेराव्या शतकातले संत बोनाव्हेंतुरा या गावचे. ते लहानपणी राहिले ते घर कधीच कड्यावरून खाली गेलं. बान्योरेज्योचेच लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यांनी चिविताला 'मरणारं गाव' म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं.

वेशीच्या कमानीतून आत गेलो तर मरणाची काही खूण दिसेना. माणसांची ही गर्दी! कुंड्यांतून लालभडक फुलं, दगडी जिने, भिंतींवर वेली, जो तो फोन उंच धरून उभा. कमानीजवळच्या एका घराची फक्त पुढची भिंत उभी आहे. खिडकीतून बघावं तर मागे खोली नाही, आकाश. या गावात जायला २०१३ सालापासून तिकीट आहे. सुरुवातीला दीड युरो होतं, आम्ही माणशी पाच युरो दिले. आता वर्षाला लाखो माणसं येतात. आणि बारा महिने तिथं राहणारी माणसं किती? जेमतेम दहा-बारा.

भिंतींचे दगड हाताला खरखरीत लागत होते. रंग पिवळसर तपकिरी, कडा झिजलेल्या, छिन्नीचे घाव अजून दिसणारे. आम्ही कितीतरी वेळ हात ठेवून उभे होतो. लेकीनं विचारलं, "काय झालं?" आमच्या कोकणातल्या घराचे चिरे असेच आहेत. जांभा हा दगडही मऊ, खाणीतून चौकोनी कापून काढायचा, पावसापाण्यानं काळा पडणारा. रंग वेगळा, पण डोळे मिटले तर पडवीच्या भिंतीला टेकून उभे आहोत असंच वाटावं. तिला मग दादांच्या फोनचं सांगितलं. ती काही बोलली नाही.

दुपारी एका गुहेसारख्या खोलीत लसूण चोळलेला, ऑलिव्हचं ताजं तेल घातलेला भाजका पाव खाल्ला. धाकट्यानं सहा तुकडे संपवले आणि वर म्हणाला, "आजीच्या थालीपीठाइतकं नाही, पण छान आहे." हे मात्र मराठीत! पोट भरलं की त्याला मराठी सुचतं.

आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. पाच वाजता उन्हं उतरली आणि पुलावर उलटी रांग लागली. गटांचे झेंडे गेले, दुकानाच्या फळ्या पडल्या. अर्ध्या तासात सान दोनातो चर्चसमोरच्या चौकात आम्ही चौघं आणि तीन मांजरं एवढेच उरलो. इतकी शांतता की आपल्याच बुटांचा आवाज मोठा वाटावा. धाकट्यानं दिवे लागलेल्या खिडक्या मोजल्या. सात निघाल्या. त्यातल्या काही तर आमच्यासारख्याच पाहुण्यांच्या.

लेक इंग्रजीतच म्हणाली, "म्हणजे लोकांनी गावाच्या भिंती वाचवल्या, पण इथं राहत कोणी नाही. सगळे दिवसापुरते येतात." थोडं थांबून तिनं विचारलं, "आपणही गावाला तसेच जातो ना, बाबा? आणि शनिवारच्या वर्गाला?"

मंडळी, खरं सांगतो, उत्तर देता आलं नाही. पूल उतरताना तिचा प्रश्न आमच्याबरोबर उतरला.

ताईंनी गैरसमज करून घेऊ नये. वर्ग नसता तर आमच्या मुलांना 'ळ' म्हणताही आला नसता. पूल नसता तर चिविता आज दंतकथा असती, हे जसं खरं, तसंच हेही. तिकिटाचे पैसे नसते, तर दुरुस्तीला पैसा कुठून आला असता? पण पूल माणसं आणतो आणि संध्याकाळी परतही नेतो. राहण्यासाठी आत पाणी लागतं. त्या ओर्व्हिएतोच्या विहिरीपाशी मुलाला दिलेलं उत्तर आता आमच्यावरच उलटलं होतं. शनिवारी दोन तास मराठीत जाऊन यायचं आणि उरलेल्या आठवड्यात घरी "डिनर इज रेडी" करायचं, मग मुलांना दोष कसा द्यायचा? आमच्या घरातली विहीर आम्हीच आळसानं बुजवत होतो. कामावरून दमून आल्यावर इंग्रजी सोपं पडतं. मुलांना नव्हे, आम्हालाच.

शेवटच्या दिवशी बोल्सेनाच्या तळ्यावर गेलो. ज्या ज्वालामुखींनी हा सगळा टफ ओकला, त्यांच्याच जमीन खचून पडलेल्या खळग्यात हे तळं साठलं आहे. पाणी अगदी निवळ, काठाला काळी वाळू. बाकावर बसून दादांना फोन लावला. तिकडे रात्रीचे आठ वाजले असावेत. मागे रातकिड्यांचा आवाज येत होता. "काय ठरलं?" दादांनी विचारलं. आम्ही घसा खाकरतो आहोत तोच लेकीनं फोन मागून घेतला.

"दादाकाका, मी बोलते," ती म्हणाली आणि पुढचं सगळं मराठीत, अडखळत, शब्द शोधत. "तो घर... ते घर विकू नका. आत्ता नको. आम्ही येतो. ईस्टरला. दोन दिवस नाही, दोन आठवडे. ते वरचे लाल... बाबा, वर्ड काय? हां, कौलं. ते आम्ही लावतो."

पलीकडे बराच वेळ नुसतेच रातकिडे. मग दादा म्हणाले, "कौलं लावायला वर चढशील काय गो?"

"चढते," ती म्हणाली.

"मग ये. वर चढू नकोस, पण ये." फोन आमच्याकडे आल्यावर त्यांचा आवाज बदललेला होता. "हे बघ, एक वर्ष थांबतो. गिऱ्हाईक थांबेल असं नाही. आणि पुढच्या वर्षी परत 'बघू' म्हणालास तर मी ऐकणार नाही."

त्यांचं बरोबर आहे. एका सुट्टीत वाळवी जात नाही आणि दोन आठवड्यांनी गाव परत वसत नाही. कदाचित पुढच्या वर्षी आम्ही सहीही करू. पण न राहताच सही करणं आणि राहून बघून सही करणं, यात फरक आहे एवढं आम्हाला त्या चौकात कळलं.

परत आल्यापासून घरी एक नियम केला आहे : रात्रीच्या जेवणाला फक्त मराठी, भांडणसुद्धा मराठीतच. पहिल्या रात्री जेवण मुक्यानंच झालं. दुसऱ्या रात्री धाकटा मिठाकडे बोट दाखवून "ते... ते पांढरं..." करत राहिला आणि आम्ही ते दिलं नाही. तिसऱ्या रात्री त्याचं बहिणीशी कडाक्याचं भांडण झालं आणि त्यानं तिला "आगाऊ" म्हटलं. हा शब्द त्यानं कुठून उचलला, याचा शोध चालू आहे. आमच्यापैकी दोघं आपण नाही म्हणून सांगतात.

जाता जाता एक विनंती. ईस्टरला गावी जायची तिकिटं काढली आहेत. देवरुख-संगमेश्वरच्या बाजूला पावसाआधी छप्पर शाकारून देणारं, जुन्या कौलांची माहिती असणारं कोणी माणूस कुणाच्या ओळखीचं असेल, तर शनिवारी वर्ग सुटताना चहाच्या टेबलापाशी आम्हाला जरूर गाठावं. लेकीनं वर चढायचा हट्ट अजून सोडलेला नाही. खाली शिडी धरायला माहितीचा माणूस हवा.